आल्प द्युएझच्या नवव्या वळणावर

लिओं पाहिलं, ग्रनोबल पाहिलं, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. आज फक्त १८ ऑगस्ट २०२४ची दुपार, कारण ती अजून डोक्यातून जात नाही.

तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या महिला आवृत्तीचा तो शेवटचा टप्पा. रॉटरडॅमहून निघालेल्या मुली सात दिवसांत आठ टप्पे करून ग्लांदोंच्या घाटावरून आल्प्समधल्या आल्प द्युएझला यायच्या होत्या. पायथ्याच्या बूर-द्वाझांपासून जवळजवळ चौदा किलोमीटरचा चढ, एकवीस वळणं. आकडे उलटे: पायथ्याशी २१, माथ्याजवळ १. प्रत्येक वळणावर इथे जिंकलेल्या सायकलपटूच्या नावाची पाटी. सकाळीच रस्ता बंद होणार म्हणून पहाटे चालायला लागले. सातवं वळण डच प्रेक्षकांचं म्हणून प्रसिद्ध आहे. पण तो गोंगाट मला सोसत नाही, म्हणून नवव्यावरच बसकण मारली. सावली नाही, पाणी संपत आलेलं, आणि शर्यतीपुढे धावणाऱ्या जाहिरातीच्या गाड्यांतून उडणाऱ्या टोप्यांसाठी मोठी माणसं लहान मुलांना ढकलत होती. ते बघून फार चीड आली.

शेजारी घडीची खुर्ची टाकून एक डच बाई बसल्या होत्या. साठीच्या, नखशिखांत केशरी. त्यांचा जीव डेमी फोलरिंगमध्ये. आदल्या वर्षीची विजेती डेमी यंदाही पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे होती, पण पाचव्या टप्प्यात शेवट जवळ आला असताना पडली आणि जर्सी पोलंडच्या काशा न्येव्हियादोमाकडे गेली. आता डेमी एक मिनिट पंधरा सेकंदांनी मागे. शिवाय टप्पा जिंकला तर दहा सेकंदांचा बोनस, म्हणजे एकूण वेळेतून तेवढे वजा. बाईंनी हे गणित मला मोडक्या इंग्रजीत तीनदा समजावलं. रेडिओवर कळलं की ग्लांदोंवर डेमीने एकदम वेग वाढवून हल्ला चढवला आहे आणि काशा मागे पडली आहे. बाई खुर्चीतून उठल्या, त्या नंतर बसल्याच नाहीत.

आधी हेलिकॉप्टरचा आवाज, मग मोटारसायकली, आणि डेमी आली. मागच्या चाकाला चिकटून पाउलिना रॉइयाकर्स, तीही डच. मी मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू केलं. टीव्हीवर हा फरक कोपऱ्यातला एक आकडा असतो. रस्त्यावर तो रिकामा डांबरी तुकडा असतो, आणि सगळे त्या तुकड्याकडे बघत गप्प असतात. तीस सेकंद. पन्नास. मिनिट होऊन गेलं.

खालच्या बाजूला पिवळं काही हललं, तेवढ्यात आमच्या पुढचा एक माणूस मोबाइल उंचावून थेट रस्त्याच्या मधोमध गेला. त्याची पाठ चढाकडे, लक्ष पडद्यावर. मी नुसती ओरडले. बाईंनी दोन ढांगांत जाऊन त्याच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरली आणि त्याला असा खेचला की तो गवतात बसला. काशा तिथूनच गेली, त्याच जागेवरून. तोंड उघडं, खांदे डोलणारे, नजर चाकापुढच्या हातभर रस्त्यावर.

ती थबकली असती, नुसतं हँडल वळवावं लागलं असतं, तरी डेमीचा फायदा होता. बाईंना हे माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं. गणित त्यांनीच मला शिकवलं होतं.

वर काय झालं ते रेडिओवर ऐकलं. डेमीने टप्पा जिंकला. काशा एक मिनिट एक सेकंदाने पोहोचली, चौथी. बोनस धरूनही चार सेकंद उरले आणि तूर काशाची झाली. पुरुषांच्या शर्यतीतला सगळ्यात कमी फरक १९८९मधला, ग्रेग लेमाँड आणि लोराँ फिन्यों यांच्यातला आठ सेकंदांचा. हा त्याच्या निम्मा. आधीच्या सलग दोन वर्षी काशा तिसरी आली होती.

बाई रडत होत्या. मी त्यांचा हात धरला, बोलायला काही सुचलं नाही. ते चार सेकंद कुणामुळे उरले, हा हिशेब मांडायची माझी इच्छा नव्हती, त्यांची तर नव्हतीच. गवतातला माणूस केव्हाच निघून गेला होता.

लोक उतरायला लागले तरी मागच्या मुली येतच होत्या, एकेकट्या, दोघी-दोघी, अंगावर मिठाचे पांढरे डाग. बाईंनी नाक पुसलं, डोक्यावरची केशरी टोपी नीट केली आणि प्रत्येकीसाठी रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेआड उभं राहून टाळ्या वाजवल्या.