साकोली ते तारकर्ली: स्कूबाच्या आधीचे २०० मीटर

साकोली-अर्जुनीकडच्या पोरांना पाण्याची भीती नसते. कठड्यावरून विहिरीत सूर मारायचा, तळाला टाकलेलं नाणं वर आणायचं, हे सगळं येतं. तरी स्कूबा, म्हणजे पाठीवरच्या टाकीतून श्वास घेत समुद्रात बुडी मारणं, शिकायला मालवणजवळच्या तारकर्लीला गेली की तिथल्या पूलमध्ये ती अडकतात, आणि अडकतात ती न थांबता २०० मीटर पोहण्यात.

विहीर असते २० फूट रुंद. चार हात मारले की पायरी हाताशी, त्यामुळे दम पुरवून वापरायची वेळच येत नाही. त्यात डोकं वर काढून पोहायची सवय. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते आणि निम्मी ताकद पुढे सरकण्याऐवजी वर राहण्यातच संपते. पन्नास-साठ मीटरला माणूस धापा टाकू लागतो.

पॅडी ही स्कूबा शिकवून प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या ओपन वॉटर या पहिल्या प्रमाणपत्राच्या कोर्सची अट अशी: काहीही न लावता २०० मीटर सलग पोहणं, किंवा मास्क, फिन (पायातले वल्हे) आणि स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून ३०० मीटर. वेळेची मर्यादा नाही, कुठल्याही प्रकारे पोहा. त्यानंतर आधार न घेता १० मिनिटं तरंगून दाखवायचं. मालवणात ‘पोहता येत नसलं तरी चालेल’ असं सांगतात ते पर्यटकांच्या एकदाच्या, हौसेच्या डाइव्हबद्दल (बुडीबद्दल). प्रमाणपत्राशी त्याचा संबंध नाही.

तयारीला दीड-दोन महिने धरा. जिल्ह्याच्या ठिकाणी २५ मीटरचा पूल असेल तर हिशेब आठ फेऱ्यांचा. नसेल तर गावचा तलाव चालतो, पण आडवा पार करायचा नाही. काठावर २५ मीटर दोरी मोजून दोन टोकांना बांबू रोवा आणि छातीभर पाण्यात काठाला समांतर पोहा. शिंगाड्याचे वेल पायात गुंततात, जाळी तर दिसतही नाहीत. म्हणून कोणती बाजू मोकळी आहे ते तलाव चालवणाऱ्या ढिवर (मासेमार) मंडळींना आधी विचारा. काठावर फुगवलेली ट्यूब आणि दोरी घेऊन एक जण हवाच, पोहणारा कितीही पट्टीचा असो.

पहिल्या आठवड्यात २५ मीटरच्या आठ फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. मग फेऱ्या जोडत, विश्रांती कमी करत न्या. तोंड पाण्यात, श्वास पाण्यातच बाहेर सोडायचा. रोखून धरला की दम लवकर लागतो. पहिले ५० मीटर मुद्दाम संथ. घरी ३०० मीटर सलग जमल्याशिवाय तिकीट काढू नका, नव्या जागी धडधडीनंच चौथाई दम जातो.

तरंगणं विहिरीतल्या पोरांना सोपं. सडपातळ माणसाचे पाय मात्र बुडतात. ते बुडू द्यावेत. हात डोक्यामागे पसरावेत, छाती भरलेली ठेवून वरवर श्वास घ्यावा. खाऱ्या पाण्याची घनता सुमारे अडीच टक्के जास्त, म्हणजे ६० किलोच्या माणसाला समुद्रात दीड किलोचा जादा आधार. पूलमध्ये तो मिळत नाही, तेव्हा सराव गोड्या पाण्यातच पक्का करा.

निघण्याआधी आरोग्याची प्रश्नावली मागवून घ्या. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया अशा प्रश्नांपुढे ‘हो’ आलं तर पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांची सही लागते, आणि तिथं पोचल्यावर ती मिळवणं जिकिरीचं. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. आजार असो की नुसतं वाहक असणं, डॉक्टरांना स्पष्ट सांगा; खोल पाण्यात ती किरकोळ गोष्ट नाही.

गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस दुपारी निघते, सकाळी मुंबईत. रात्रीची कोकणकन्या दुसऱ्या सकाळी कुडाळला सोडते, पुढे मालवण साधारण ३० किलोमीटर. दोन रात्रींच्या प्रवासानं अंग आंबतं. पोहण्याची चाचणी त्याच दिवशी देऊ नका. तारकर्लीत एमटीडीसीच्या (राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या) स्कूबा संस्थेत पूल आहे, पण तारखा आधी ठरवा. पावसाळ्यात समुद्रातलं काम बंद असतं.

कोर्सला तीन-चार दिवस लागतात, समुद्रात चार डाइव्ह, खोली जास्तीत जास्त १८ मीटर. इथं विहिरीची दुसरी सवय मोडावी लागते: श्वास रोखून बुडी मारण्याची. १० मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथं टाकीतून भरून घेतलेली हवा रोखून वर आलात तर ती फुफ्फुसात दुप्पट फुगू पाहते आणि फुफ्फुस फाटू शकतं. श्वास चालूच ठेवायचा, वर येताना तर नक्कीच.

परतीला गोव्याहून नागपूरचं विमान धरणार असाल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास जाऊ द्या; खोलीवर अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे उंचीवरच्या कमी दाबात बुडबुडे होऊ शकतात. खाजगी गाडीनं आंबोलीवरून येणाऱ्यांनीही लगेच घाट चढू नये. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. ती रात्र मालवणातच काढा.