द्राक्षबागेसाठी कॅनमध्ये पेट्रोल आणताना: माझा अनुभव

तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात थंडी ओसरली की हवा अगदी कोरडी होते. टेरिकॉटचा शर्ट घालून सीटवरून उतरलं आणि दाराला हात लावला की स्थिर विजेचा (घासण्याने अंगावर साठणाऱ्या विजेचा) चटका बसतो. तो जाणवतो तेव्हा अंगावर साधारण 3000 व्होल्ट साठलेले असतात. पेट्रोलची वाफ पेटायला जेमतेम पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. त्या चटक्यात याहून जास्त असते.

म्हणून पंपावर इंजिन बंद करून उतरलो की मी आधी टाकीपासून लांब, दाराच्या उघड्या पत्र्याला हात लावतो, मगच झाकण उघडतो. पेट्रोल भरून होईपर्यंत पुन्हा गाडीत बसत नाही, कारण सीटला कपडे घासले की अंगावर विजेचा नवा भार चढतो. अमेरिकेत गिऱ्हाईक स्वतःच पेट्रोल भरतं. तिथल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने जमवलेल्या आगींच्या नोंदींत मध्येच गाडीत जाऊन येणं हे कारण वारंवार दिसतं. मोबाइलने आग लागल्याचं मात्र एकाही नोंदीत सिद्ध झालेलं नाही. तरी पंपावर मोबाइल खिशातच बरा. नियम आहे, आणि बोलण्याच्या नादात नोझलकडचं लक्ष उडतं.

खरी काळजी कॅनची. ब्रश कटरसाठी (गवत कापायच्या यंत्रासाठी) पाच लिटर लागतं, आणि बरेच जण छोटा हत्तीच्या हौद्यात, रबरी मॅटवर कॅन ठेवूनच भरून घेतात. हे अजिबात करू नका. नळीतून वेगाने येणारं पेट्रोल स्वतःच भार घेऊन येतं. खाली रबर असलं की तो जमिनीत उतरत नाही, कॅनवर साठतो आणि नोझल जवळ येताच ठिणगी होऊन उडतो. मी पत्र्याचा कॅन खाली जमिनीवर ठेवतो आणि नोझलचा धातूचा भाग शेवटपर्यंत कॅनच्या तोंडाला टेकवून ठेवायला सांगतो. सुरुवात हळू, टोक पेट्रोलमध्ये बुडालं की मग थोडी धार वाढवायची. काठोकाठ भरायचं नाही, उन्हात पेट्रोल फुगतं. पाण्याच्या बाटलीत तर घेऊच नये. झाकण घट्ट लावूनच कॅन गाडीत चढवायचा. वाफ हवेपेक्षा जड असते, हौद्याच्या तळाशी बसून राहते.

टाकी भरताना तोंडाशी जाळ दिसलाच तर नोझल ओढून काढायचं नाही. ओढलं की पेटतं पेट्रोल अंगावर आणि फरशीवर सांडतं. ते तिथेच सोडून मागे सरायचं, पंपवाल्याला बटण दाबून पुरवठा तोडायला ओरडून सांगायचं. पाणी मारू नये, त्यावर पेट्रोल तरंगत पसरतं. पावडरचा सिलिंडर किंवा वाळूच कामाची.