मॉलच्या टोकाचं मोठं दुकान

अमेरिकेतल्या उपनगरी मॉलमध्ये सगळ्यात मोठं, उंची दुकान सहसा टोकाला असतं. त्याला इथे ‘अँकर’ म्हणतात, म्हणजे नांगर. दुसऱ्या टोकाला दुसरा अँकर, आणि मधल्या वाटेवर चष्मे, दागिने, तयार कपडे यांची लहान दुकानं. एका टोकाहून दुसरीकडे जाताना गिऱ्हाइकाला त्यांच्यासमोरूनच जावं लागतं. मॉलमालकाची खरी कमाई या लहान दुकानांच्या भाड्यावर चालते. अँकर चौरस फुटामागे फार कमी भाडं देतो. कित्येक ठिकाणी तर इमारत त्याच्याच मालकीची असते. तो गर्दी आणतो, म्हणून त्याला ही सवलत.

हे गणित नॉर्डस्ट्रॉम या उंची दुकानांच्या साखळीने फार हुशारीने वापरलं. १९०१ साली सिएटलमध्ये बुटांचं दुकान म्हणून सुरू झालेली ही कंपनी १९६३ साली ‘बेस्ट अपॅरल’ विकत घेऊन कपड्यांत उतरली. १९७८ साली कॅलिफोर्नियातलं पहिलं दुकान उघडलं ते लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीत नव्हे, कोस्टा मेसाच्या साउथ कोस्ट प्लाझात. सेगरस्ट्रॉम कुटुंबाने लिमा बीनच्या शेतात उभारलेला हा मॉल १९६७ पासून चालू होता. पूर्व किनाऱ्यावरचं पहिलं दुकानही शहरात नाही: १९८८, वॉशिंग्टनबाहेरचं टायसन्स कॉर्नर. दोन्हीकडे महामार्ग लागून आणि आसपास चांगल्या पगाराची घरं.

उपनगर का, हे बुटांवरून लगेच कळतं. एक डिझाइन घ्या: अर्धी मापं धरून १२ मापं, ३ रुंद्या, २ रंग. प्रत्येकी एकच जोड ठेवला तरी ७२ खोकी झाली. अशी शेकडो डिझाइनं ठेवायची तर विक्रीच्या जागेमागे प्रचंड कोठार लागतं, आणि शहराच्या मध्यवस्तीत ते परवडत नाही. कोठार लहान ठेवलं की ‘तुमचं माप संपलं’ हे वाक्य वारंवार ऐकू येतं. उंची दुकानाला त्याइतकं घातक दुसरं काही नाही.

गाड्यांचाही हिशेब असतो. हजार चौरस फुटांमागे साधारण ५ गाड्या धरल्या, तर दीड लाख चौरस फुटांच्या दुकानाला ७५० जागा लागतात. येण्याजाण्याच्या वाटांसह एका गाडीला ३०० चौरस फूट, म्हणजे सव्वादोन लाख. दुकानापेक्षा पार्किंगच मोठं! दोन मजली मॉलमध्ये जमिनीच्या उताराचा फायदा घेऊन दोन्ही मजल्यांवर थेट पार्किंगमधून दारं देतात. तसं केलं नाही तर वरचा मजला ओस पडतो.

अँकर बंद पडला की मात्र घसरण भराभर होते. लहान दुकानांच्या करारात बहुधा ‘को-टेनन्सी’ कलम असतं: ठरलेला अँकर गेला तर भाडं कमी करायचं, नाहीतर करार मोडायची मुभा. शिवाय पार्किंगचे किंवा बांधकामाचे मोठे बदल करायचे तर बाकीच्या अँकरांची संमती घ्यावी लागते, म्हणून रिकामी इमारत वर्षानुवर्षं तशीच राहू शकते.

सिएटलचा नॉर्थगेट १९५० सालचा, देशातल्या आरंभीच्या मॉलांपैकी. तिथलं नॉर्डस्ट्रॉम २०१९ साली बंद झालं. आता त्या आवारात आइस हॉकीच्या सरावाची मैदानं आहेत.