११ इंची पिकलॉक: आडवा प्ले, अपुरी झेप आणि बदललेली योजना

काळ्या म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा ११ इंची पिकलॉक, म्हणजे बटण दाबताच स्प्रिंगने उघडणारा आणि मिटवताना पाठीची पट्टी नखाने उचलावी लागणारा खटक्याचा चाकू, आता पुन्हा पूर्ण झेप घेऊन (पाते एका दमात उघडून) लॉकमध्ये बसतो आहे. पात्याचा आडवा प्ले, म्हणजे डावीउजवीकडे डुलणे, मात्र अजून शिल्लक आहे, आणि तो तसाच राहू द्यायचा असे मी ठरवले आहे. मागच्या नोंदीत हा प्ले पूर्णपणे घालवण्याची योजना मांडली होती. ती का सोडली, हे थोडे विस्ताराने लिहितो, कारण इटलीतील मानियागो गावच्या चाकूंचा संग्रह करणाऱ्या बहुतेकांकडे असे एखादे डुलणारे पाते असतेच आणि ते पाहून प्रत्येकाचा हात हातोडीकडे जातोच.

अडचण अशी होती. पाते उघडून टोक दोन बोटांत धरले, की ते डावीउजवीकडे मिळून साधारण १ मिलिमीटर हलत असे. वरखाली प्ले अजिबात नव्हता, म्हणजे पाठीच्या पट्टीच्या खिडकीत (भोकात) टँगचा, म्हणजे पात्याच्या मुठीत शिरलेल्या बुडाचा, दात घट्ट बसत होता. आडव्या प्लेवरचा रूढ उपाय सर्वांना ठाऊक आहे: पुढच्या बोल्स्टरमधून (मुठीच्या टोकाच्या धातूच्या टोपीतून) गेलेला मुख्य खिळा छोट्या ऐरणीवर टेकवायचा आणि हलक्या हातोडीने त्याचे डोके किंचित पसरवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पितळी पट्ट्या पात्याच्या जवळ येतात. मी तेच केले, अगदी हळूहळू, आणि प्रत्येक वेळी थांबून बटण दाबून पाहिले. प्ले जसा कमी होत गेला तशी झेपही कमी होत गेली. शेवटी पाते जवळजवळ न हलण्याच्या अवस्थेला आले तेव्हा ते तीन चतुर्थांश उघडून मध्येच थबकू लागले. खिळा थोडा सैल केला की झेप परत यायची आणि तिच्याबरोबर डुलणेही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतील अशी जागा मला सापडली नाही.

पाते नेमके शेवटच्या टप्प्यातच का अडते, याचा विचार केल्यावर चित्र स्पष्ट झाले. बंद अवस्थेत मुठीतली झेपेची स्प्रिंग सर्वांत जास्त वाकलेली असते आणि पाते जसजसे उघडते तसतसा तिचा जोर ओसरतो. पाठीची पट्टी मात्र संपूर्ण फेरीत टँगवर दाब ठेवून असते, आणि खिडकीत शिरण्याआधी दाताला ती पट्टी उचलावी लागते. म्हणजे जोर सर्वांत कमी उरलेला असतो, त्याच क्षणी काम सर्वांत जड असते. पाते तिथवर पोहोचते ते सुरुवातीला मिळालेल्या वेगाच्या बळावर. वाटेत कुठेही घासले, तरी त्याचा हिशोब शेवटच्या काही अंशांतच चुकता होतो.

मग ते घासते कुठे, हे शोधले. टँगच्या दिसणाऱ्या कडेला काळ्या मार्करची शाई लावली, पाते अर्धवट उघडून हाताने मागेपुढे फिरवले आणि टॉर्चच्या उजेडात भिंगातून पाहिले. उजव्या बाजूची शाई जवळपास तशीच होती. डाव्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा एक लखलखीत पट्टा उघडा पडला होता आणि त्याच्याभोवती तिरक्या, दाट, एकाच दिशेने ओढलेल्या कानशीच्या रेघा होत्या. टँगच्या दोन बाजू एकमेकींना समांतर नाहीत. ज्याने हा चाकू जुळवला, त्याने डावी बाजू हातानेच उतरवली, पाते मोकळे फिरू लागताच कानस खाली ठेवली आणि खिळा त्या मोकळेपणाला सोयीचा होईल इतकाच ठोकला. माझ्या दृष्टीने तो १ मिलिमीटर त्याच्या जुळणीचाच भाग आहे.

येथे 'हस्तनिर्मित' या शब्दाविषयी थोडे बोलायला हवे, कारण विक्रेते तो फार सैलपणे वापरतात. फ्रिउलीतील मानियागोमध्ये लोहारकामाला जोर आला तो १४५३ साली कोल्व्हेरा ओढ्याचे पाणी पाटाने गावात आणण्याची परवानगी मिळाल्यावर. त्या पाण्यावर चाके फिरली आणि चाकांवर घण चालले. १९०७ मध्ये जर्मनीहून आलेल्या आल्बर्ट मार्क्स यांनी तेथे कारखाना काढला आणि यंत्रावर एकसारखे भाग तयार करण्याची पद्धत रुजली. आज गावातले चाकूंचे संग्रहालय त्याच जुन्या कारखान्याच्या इमारतीत आहे. आपण जमवतो ते स्टिलेटो, म्हणजे असे निमुळत्या पात्याचे चाकू, या दोन्ही परंपरांची अपत्ये आहेत. भाग मोठ्या प्रमाणात यंत्रावर निघतात, पण ते एकमेकांत बसवण्याचे काम कानस, हातोडी आणि डोळा यांच्यावरच चालते. त्यामुळे एकाच कार्यशाळेचे, एकाच मापाचे दोन चाकू शेजारी ठेवले तरी एकाचे पाते दुसऱ्यात सहसा बसत नाही. सुटे भाग मागवून दुरुस्ती करू पाहणाऱ्यांनी हे आधीच गृहीत धरावे.

शाईचा पट्टा दिसल्यावर पहिला विचार आला तो खिळा काढून, टँग सपाट घासून, दोन्ही बाजूंना पातळ पितळी वॉशर घालण्याचा. कागदावर हा उपाय नामी आहे. परंतु या खिळ्याची डोकी बोल्स्टरच्या पृष्ठभागाशी इतकी एकजीव केलेली आहेत, की तिरक्या उजेडाखेरीज ती दिसतही नाहीत. खिळा एकदा बाहेर आला की नव्या खिळ्याभोवती बारीक वर्तुळ उमटते, ते घालवायला बोल्स्टर पुन्हा पॉलिश करावा लागतो आणि पॉलिश करताना त्याच्या कडांची मूळची धार बोथट होते. शिवाय टँग सपाट केला की त्या तिरक्या रेघाही जातात, आणि माझ्या मते या चाकूतली सर्वांत मोलाची गोष्ट त्याच आहेत. वॉशरची योजना म्हणूनच सोडून दिली.

त्याऐवजी चाकू न उघडता जे करता आले ते केले. पात्याला चामड्याचे म्यान घट्ट बांधले, सांध्यात धातूच्या पॉलिशची थोडी पेस्ट सोडली, पाठीच्या पट्टीचे टोक नखाने उचलून धरले आणि पाते हातानेच बराच वेळ मागेपुढे फिरवत राहिलो. नंतर लायटरमध्ये भरतात त्या नॅफ्थ्याने सांधा धुतला. धुताना शिंगाला कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी. शेवटी अगदी पातळ तेलाचा एक थेंब सोडला. डब्ल्यूडी-४० सफाईसाठी ठीक आहे, पण या सांध्यात ते वंगण म्हणून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. ग्रीस तर मुळीच नको, कारण ते झेप खाते.

परिणाम अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. घर्षण इतके कमी झाले, की खिळा आणखी किंचित आवळण्यास वाव मिळाला आणि प्ले जवळजवळ निम्म्यावर आला. झेप पूर्ण आहे, आणि आवाज मुद्दाम ऐकण्यासारखा झाला आहे: आधी स्प्रिंगचा कोरडा फटकारा आणि त्याला जवळजवळ चिकटूनच दात खिडकीत पडल्याची जाड 'खट्'. पाते अडत असताना ही दुसरी 'खट्' नाहीशी झाली होती. उरलेल्या निम्म्या प्लेला आता हात लावणार नाही.

सगळेच दोष मी असे पोटात घालत नाही, आणि नेमके उलटे उदाहरण याच सुमारास हाती आले. ९ इंची बोल्स्टर-रिलीज, म्हणजे बोल्स्टर तिरका केला की लॉक सुटते असा चाकू, एका विक्रेत्याकडून मागवला होता. दिसायला तो पिकलॉकपेक्षा कितीतरी सफाईदार होता: पाते मधोमध, बोल्स्टर आणि शिंग यांच्यात केसाचीही फट नाही, आडवा प्ले शून्य. पण पाठीकडून पाहिले तेव्हा दात खिडकीत जेमतेम अर्धाच उतरलेला दिसला, आणि पाते बोटांनी वरखाली केले की पट्टी उचलली जाऊ लागे. टँगच्या कानशीच्या रेघा, शिंगातली करडी नस, किंचित वाकडा शिक्का, एका बाजूला झुकलेले पाते, हे सारे मला चालते. बोटांवर मिटू शकणारे लॉक चालत नाही. ते हस्तकलेचे लक्षण म्हणून खपवणाऱ्या विक्रेत्याशी वाद घालत बसण्यापेक्षा चाकू परत पाठवलेला बरा, आणि मी तो परत पाठवला आहे. त्याच्या छायाचित्रांत चाकू प्रत्येक वेळी समोरूनच दाखवला होता. यापुढे पाते उघडे ठेवून पाठीकडून काढलेले, खिडकी स्पष्ट दिसणारे छायाचित्र मिळाल्याशिवाय मी पैसे पाठवणार नाही. तुम्हीही तोच आग्रह धरावा. चांगले विक्रेते असे छायाचित्र आनंदाने देतात.

माझ्याकडच्या स्विंग-गार्डच्या, म्हणजे पाते उघडताना आडवी दांडी फिरून बाहेर येते अशा चाकूच्या, मुठीविषयी थोडक्यात. शिंगाने अंग चोरल्यामुळे मागच्या बोल्स्टरजवळ फट पडली आहे, आणि ह्यूस्टनमधला बाहेरचा दमटपणा व घरातल्या एसीचा कोरडेपणा यांच्या ओढाताणीत ती कमीजास्त होत राहते. ती इपॉक्सीने बुजवावी अशी सूचना आली होती. शिंग हलत राहणारच, आणि फट बुजवून त्याची वाट अडवली तर तडा रिव्हेटजवळ जाईल, अशी मला भीती वाटते. सध्या खनिज तेलाचा हलका हात आणि वर रेनेसाँ वॅक्स (जुन्या वस्तू जपण्यासाठीचे मेण), एवढेच. कडेला किड्यांनी खाल्लेले दोन खळगे आहेत. किडा जिवंत नाही याची खात्री करून घेतली आहे, खळगे तसेच राहतील.

पुण्याहून एका वाचकाने विचारले होते, की यातला एखादा चाकू भारतात आणता येईल का. उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. टेक्सासने २०१३ मध्ये खटक्याच्या चाकूंवरील बंदी उठवली म्हणून हा संग्रह येथे शक्य झाला, आणि अमेरिकेतही १९५८ चा संघीय कायदा त्यांच्या आयातीवर आणि राज्याराज्यांतील व्यापारावर निर्बंध घालतोच. भारतात हौस भागवायची असेल तर रामपुरीचा इतिहास वाचावा, तो फारच रंजक आहे. पण सामानात खटक्याचा चाकू ठेवण्याचा विचारही करू नये.

हे लिहिता लिहिता पुढच्या खरेदीचा बेतही बदलला आहे. बोल्स्टर-रिलीजचे पैसे परत आले की त्यातून शिंगाच्या मुठीचा १३ इंची चाकू घ्यायचा, असे ठरले होते. आता त्याऐवजी राज्यातच विक्रीला असलेला एक जुना ९ इंची पिकलॉक डोळ्यांसमोर आहे. त्याच्या शिंगाला बारीक तडा आहे आणि पाते उजवीकडे झुकलेले आहे, म्हणून किंमत उतरलेली आहे. पाठीकडून काढलेले छायाचित्र मागवले आहे. खिडकी दाताने पूर्ण भरलेली दिसली तर तो घेईन, आणि टँगवरच्या रेघांचे फोटो पुढच्या नोंदीत देईन.