प्लाझ्मा स्वच्छ, पोटॅशियम सात

सकाळच्या पहिल्या रनला आमच्या लॅबमधला रक्त तपासणारा ॲनालायझर एकापाठोपाठ एक क्रिटिकल व्हॅल्यू, म्हणजे जिवाला धोका सांगणारे आकडे, दाखवू लागला. पोटॅशियम ६.७, ७.१, ६.४. पेशंट वेगळे, वयं वेगळी, सेंटर मात्र एकच, तालुक्याच्या गावचं. एका खोक्यातून आलेल्या सगळ्यांच्या किडन्या एकाच रात्रीत बिघडत नाहीत.

अशा वेळी पहिला संशय हिमोलिसिसवर, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्यावर. या पेशींत प्लाझ्माच्या, म्हणजे रक्तातल्या द्रवाच्या, वीस-पंचवीस पट पोटॅशियम असतं, त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. पण हिरव्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या लिथियम हेपॅरिन ट्यूबमधला प्लाझ्मा फिकट पिवळा होता आणि हिमोलिसिस इंडेक्सही नगण्य. दुसरा संशय ईडीटीएचा, म्हणजे जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून असणाऱ्या रसायनाचा. हिरवी ट्यूब कमी भरली म्हणून कुणी जांभळ्यातलं रक्त तिच्यात ओततं, आणि त्यातलं ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. तसं झालं तर कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेजही पडतात. इथे कॅल्शियम ९.३, म्हणजे तेही नाही.

उलगडा ग्लुकोजमुळे झाला. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या न केलेलं रक्त खोलीच्या तापमानाला राहिलं तर पेशी तासाला पाच-सात टक्के साखर खातात. रात्रभर बाहेर राहिलेल्या हेपॅरिन ट्यूबमध्ये ती निम्मीसुद्धा उरली नसती. इथे ती ग्रे ट्यूबमधल्या (हिच्यात साखर टिकवणारं रसायन असतं) आकड्याच्या जवळपास होती. याचा अर्थ रक्त थंडीत होतं. थंडीत पेशींचं साखर खाणं मंदावतं, तसाच पोटॅशियम पेशीच्या आत ठेवणारा सोडियम-पोटॅशियम पंपही मंदावतो. मग पेशी शाबूत राहते, पण पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. फोन केल्यावर कळलं: सेंट्रिफ्यूज बंद पडलं होतं, म्हणून संध्याकाळची सॅम्पल ‘खराब होऊ नयेत’ अशीच फ्रिजमध्ये ठेवली होती.

वाढलेले आकडे आम्ही होल्ड केलेच. पण त्याच लॉटमधल्या एका बाईंचं पोटॅशियम ४.९ होतं, अगदी नॉर्मल. बाकीच्यांचं दोन-अडीचने फुगलं असेल तर हिचं खरं किती? फॉर्मवर लघवी वाढवणारी गोळी लिहिलेली होती, आणि अशा गोळीने पोटॅशियम उतरू शकतं. सगळा लॉट रिजेक्ट करून डॉक्टरांना फोन केले: ताजं सॅम्पल पाठवा, तोवर काळजी वाटेल त्याचा ईसीजी काढा. ताज्या रक्तात ‘७.१’चं ४.४ आलं आणि बाईंचं २.८. डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी बोलावून घेतलं. चढलेला आकडा निदान आरडाओरडा करतो. हा गुपचूप रिपोर्टवर छापला गेला असता.

सेंटरला दिलेल्या सूचना अशा. हिरवी ट्यूब खुणेपर्यंत भरून आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही. दोन तासांच्या आत फिरवायची आणि तोवर रॅकमध्ये उभी, फ्रिजबाहेर. फिरवणं १३०० ते १५०० जी-फोर्सला दहा मिनिटं, तापमान २० ते २५ अंश. थंडगार ट्यूबमधलं, पेशी आणि प्लाझ्मा वेगळे ठेवणारं जेल घट्ट होतं, सारखं पसरत नाही आणि कडेने फट राहते. ‘तीन हजारावर फिरवलं’ एवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही. रोटरच्या मध्यापासून आडव्या झालेल्या ट्यूबच्या तळापर्यंत १५ सेंटिमीटर असतील तर ३००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) सुमारे १५०० जी मिळतात, १० सेंटिमीटर असतील तर हजारच. समोरासमोरच्या बकेटमध्ये सारख्या वजनाच्या ट्यूब, आणि ब्रेक हलका. झटक्याने थांबलं की खाली बसलेल्या पेशी पुन्हा उधळतात.

जेल नसलेली साधी ट्यूब असेल तर प्लाझ्मा वरून काढायचा आणि पेशींवरच्या पांढुरक्या थराच्या वर तीन-चार मिलिमीटर तसाच राहू द्यायचा. शेवटचा थेंब खेचण्याच्या नादात प्लेटलेट येतात, पेशीही येतात.

नवं सेंट्रिफ्यूज आल्यावर दुसरीच सवय दिसली. तिथे फिरवलेली जेल ट्यूब आमच्याकडे आल्यावर ‘खात्रीसाठी’ पुन्हा फिरवली जायची. जेलखाली अडकलेल्या पेशींभोवतीच्या द्रवात प्रवासात पोटॅशियम साचलेलं असतं, ते दुसऱ्या फेरीत वर येतं. म्हणून फिरवलेल्या ट्यूबच्या टोपणावर आता मार्करने फुली असते. वर प्लाझ्मात गुठळी दिसली तर प्लाझ्मा दुसऱ्या ट्यूबमध्ये काढून तेवढाच फिरवायचा.