व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: माझा अनुभव, आणि घाटीसाठी दोन दिवस का ठेवावेत

उत्तराखंडच्या हिमालयातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, म्हणजे फुलांची घाटी, बघायचं बरीच वर्षं डोक्यात होतं, शेवटी ऑगस्टच्या सुरुवातीला मी आणि दादा निघालोच. ज्यांना जायचंय त्यांना आधीच सांगते, घाटीसाठी एक दिवस धरू नका, दोन धरा. बहुतेक टूरच्या कार्यक्रमात एक दिवस घाटी, एक दिवस हेमकुंड (जवळच उंचावरच्या तलावाकाठचं शीखांचं तीर्थस्थान) आणि लगेच परत असंच असतं आणि मला ते अजिबात पटत नाही. का ते पुढे येईलच.

घाटीचं राष्ट्रीय उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं, पण जूनमध्ये जागोजागी बर्फ असतो आणि फुलं कमी. खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन पावसात. त्यामुळे भिजायचं हे धरूनच तयारी करायची. सॅकमध्ये प्रत्येक गोष्ट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर सॅकसकट झाकेल असा पोंचो, सुती कपडे शक्यतो नकोतच कारण तिथे ते वाळत नाहीत. चालायची सवय आधी दोन-तीन महिने तरी हवी, मी भरलेली सॅक पाठीला लावून जिने चढायचे आणि त्याचा गुडघ्यांना उतरताना फार उपयोग झाला. पावसात सह्याद्रीतले किल्ले केलेले असले की निसरड्या दगडांची भीती राहत नाही, पण उंचीचं मात्र वेगळं आहे, तिथे दम लवकर लागतो आणि पाय ठरवून सावकाश टाकावे लागतात.

ऋषिकेशहून जोशीमठ, तिथून अलकनंदेच्या काठचं गोविंदघाट, मग जीपने पुलना. तिथून घांघरियापर्यंत साधारण नऊ-दहा किलोमीटर चाल, लक्ष्मणगंगेच्या कडेकडेने, आणि हजारभर मीटर चढ. २०१३ च्या जूनमधल्या पुरात हा रस्ता बऱ्याच ठिकाणी वाहून गेला होता, नंतर परत बांधला. फरसबंदी आहे, पण पाऊस आणि खेचरांची लीद एकत्र झाली की बूट सटकतात, काठी हवीच. खेचरं समोरून आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही, त्यांच्या पाठीवरचं सामान बाहेर आलेलं असतं आणि त्याचा धक्का लागतो.

घांघरिया तीन हजार मीटरच्या थोडं वर आहे, मुक्काम तिथेच. घाटीत राहायला, तंबू ठोकायला परवानगी नाही, खेचरंही आत नेत नाहीत, सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर. काही लोक यावर कुरकुर करत होते, मला विचाराल तर हा नियम आहे म्हणून ती घाटी शिल्लक आहे.

गावाच्या पुढे रस्ता फुटतो, उजवीकडे हेमकुंड, डावीकडे घाटी. पास घ्यायचा, पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडायचा आणि मग भोजपत्राच्या झाडांमधून खडा चढ, इथेच सगळ्यांचा कस लागतो. वर पोचलो तर नुसतं धुकं. समोरचा डोंगरही दिसेना. बरोबरचे बरेच जण फोटो काढून तिथूनच फिरले आणि मला खरंच वाईट वाटलं त्यांच्यासाठी, कारण लांबचं दिसत नव्हतं म्हणून आम्ही पायाशी बघायला लागलो आणि तिथेच सगळं होतं. गुलाबी तेरडा, आपल्या तेरड्याचाच भाऊबंद पण खांद्यापर्यंत वाढलेला आणि वाटेवर दोन्हीकडून झुकलेला. मध्येच सापाच्या फण्यासारखी कोब्रा लिली. एका खडकाच्या कपारीत ब्लू पॉपी होती, देठावर पानावर सगळीकडे बारीक काटे, काट्याकाट्यावर पाण्याचा थेंब, पाकळ्या निळ्या आणि इतक्या पातळ की मागचं पान दिसेल, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. मी गुडघ्यावर बसून बघत राहिले, दादा शेवटी पुढे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आकाश उघडलं आणि तीच वाट ओळखू येईना. घाटीच्या टोकाला टिपरा हिमनदी, तिथून येणारी पुष्पावती, उतारांवर पांढरे, जांभळे, पिवळे पट्टे. आदल्या दिवशी एकेक फूल बघितलं होतं म्हणून लांबूनही कळत होतं की तो गुलाबी पट्टा तेरड्याचा. एकच दिवस असता तर यातलं अर्धंच मिळालं असतं.

आत जोन मार्गारेट लेग यांची समाधी आहे. फ्रँक स्माइथ आणि सोबतचे गिर्यारोहक १९३१ मध्ये कामेट शिखर सर करून परतताना या घाटीत उतरले आणि तिचं नाव जगभर झालं, पुढे १९३९ मध्ये या बाई फुलांचा अभ्यास करायला आल्या आणि कड्यावरून घसरून गेल्या. आम्ही तिथून पुढे नदीपर्यंत गेलो, तिकडे गर्दी जवळजवळ नसतेच.

वाटेत वनखात्याची माणसं एक उंच झाड उपटून भारे बांधत होती. विचारलं तर म्हणाले पॉलिगोनम. ते फार पसरतं आणि खालच्या बुटक्या फुलांना ऊनच मिळत नाही. १९८२ ला राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद झाली, त्यानंतर हे वाढलं असं बरेच जण मानतात, तज्ज्ञांत यावर मतभेद आहेत. पण पावसात वाकून एकेक रोप मुळासकट काढणं हे काम किती कष्टाचं आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे वाट सोडून गवतात शिरून फोटो काढणाऱ्यांना आम्ही सरळ टोकलं, तुम्हीही टोका.

हेमकुंड घाटीनंतरच ठेवा. सहाएक किलोमीटरमध्ये अकराशे मीटरच्या वर चढ आहे, दोन दिवस घांघरियाला राहून शरीर उंचीला रुळलेलं असलं की तो झेपतो, आणि वरच्या खडकांत ब्रह्मकमळं फुललेली बघायला मिळतात. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर हट्ट न करता खाली उतरायचं. आणि परतीचं तिकीट काढताना एक-दोन दिवस मोकळे ठेवाच, जोशीमठ-ऋषिकेश रस्त्यावर पावसाळ्यात दरड कोसळते आणि ती हटवेपर्यंत गाड्या जागच्या हलत नाहीत.