पाच प्रयोगांचा मुक्काम

सोमवार, पहाटेचे चार. सेंधव्याच्या अलीकडचा एक ढाबा.

इंदूरचा पाचवा प्रयोग आटोपून आम्ही रात्री साडेबाराला निघालो आणि आता चालकाला चहा हवा म्हणून गाडी थांबली आहे. आत सगळे गाढ झोपले आहेत. बसच्या मागच्या भागात आमच्या नाटकातले दोन खोल्यांचे घर, भिंत भिंतीला टेकवून, दोरांनी आवळून ठेवलेले आहे. हे घर सलग दोन दिवस एकाच जागी उभे होते. या दौऱ्यात दुसरे काही नाही, एवढेच लिहून ठेवावे असे मला वाटते आहे.

नाटकाबाहेरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही, म्हणून थोडे सांगतो. मी या नाटकाचा रंगमंच व्यवस्थापक आहे. दौऱ्यावर सेट रोज लागतो आणि रोज सुटतो. गावोगावच्या रंगमंचांची रुंदी सारखी नसते, विंगांमागची जागा सारखी नसते, आणि दिवे टांगायचे पाइपही कुठे असतील ते सांगता येत नाही. त्यामुळे रोज दुपारी माझ्या हातात मोजपट्टी आणि चिकटपट्टी असते. दारापासून पलंगापर्यंत काकांची, म्हणजे आमच्या ज्येष्ठ नटांची, सात पावले ठरलेली आहेत. सातव्या पावलाला त्यांचे वाक्य संपते आणि ते बसतात. रंगमंच मोठा असला आणि सेटवाल्यांनी हौसेने घर ऐसपैस लावले, की ती पावले नऊ होतात आणि उरलेली दोन पावले काकांना मुक्याने चालावी लागतात. प्रेक्षकाला यातले काही कळत नाही. काका मात्र मध्यंतरात माझ्याकडे असे बघतात, की पुढच्या गावी मी आधी पलंगाची जागा आखतो आणि मग भिंतींचे बघतो.

इंदूरला हे सारे एकदाच करावे लागते. तिथली सानंद ही संस्था आपल्या सभासदांसाठी महाराष्ट्रातून नाटके बोलावते. सभासदांचे पाच गट आहेत आणि त्यांना रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार, वसंत आणि बहार अशी नावे आहेत. एकच नाटक पाचही गटांसाठी होते: शनिवारी दुपारी चार आणि संध्याकाळी साडेसात, रविवारी सकाळी दहा, दुपारी चार आणि पुन्हा साडेसात. वर्गणी आधीच भरलेली असल्यामुळे प्लॅन किती भरला, म्हणजे किती तिकिटे खपली, याची धाकधूक नसते. जुन्या मंडळ्या एकेका गावी आठवडेच्या आठवडे राहत असत. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीला तर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय होता आणि तिच्या पंक्तींच्या गोष्टी आजही रंगपटात चवीने सांगितल्या जातात. आचाऱ्यापासून पेटीवाल्यापर्यंत सगळे बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या त्या लोकांच्या तोंडी ‘मुक्काम’ हा शब्द होता; आमच्या तोंडी ‘दौरा’ आहे आणि हिशेब ‘नाईट’चा, म्हणजे एकेका प्रयोगाच्या मानधनाचा, आहे. मुक्काम म्हणावे असे काही आमच्या वाट्याला आले तर ते इंदूरलाच येते, आणि तेही पाच प्रयोगांचे.

माझ्यासाठी त्यात आणखी एक गुंता आहे, तो म्हणजे इंदूर माझेच गाव आहे. लोकमान्य नगरात आमचे घर आहे आणि आई तिथे एकटी राहते. पुण्यात राहून मला वीस वर्षे झाली, तरी जिभेवरचे इंदूर पुरते गेलेले नाही. घाईत असलो की ‘सेट लागून राहिला आहे’ असे तोंडून निघते आणि आमचा प्रकाशयोजनेचा पोरगा तेवढ्यावर दिवसभर माझी नक्कल करतो.

शुक्रवारी रात्री नाशिकच्या कालिदास कलामंदिरातला प्रयोग संपवून निघालो. धुळे, शिरपूर, मग बिजासन घाट. खलघाटला नर्मदा ओलांडताना उजाडले होते आणि पुलावर गाडी आल्याबरोबर मावशींनी, म्हणजे आमच्या कपडेपटाच्या बाईंनी, झोपेतच हात जोडले. साडेदहाच्या सुमारास खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात पोहोचलो. चारच्या प्रयोगाला सेट लावायला एवढा वेळ पुरतो. घर उभे राहिले, पलंग सात पावलांवर आला, आणि अडीच वाजता प्रॉपर्टीचे टेबल लावताना अडकित्ता नसल्याचे माझ्या लक्षात आले.

चूक माझीच होती. नाशिकला सामान भरताना यादीवर मी खूण केली होती, पण ती वस्तू डोळ्यांनी पाहून केली नव्हती. पहिल्या अंकाच्या शेवटी काका सुपारी कातरत मुलाचे सगळे बोलणे ऐकून घेतात आणि उत्तरच देत नाहीत. त्या प्रसंगात अडकित्ता नसेल तर त्यांनी हात कुठे ठेवावेत हाच प्रश्न आहे. बाजारातून नवा आणायला वेळ नव्हता. मी आईला फोन केला. तिने ‘आधी जेवलास का?’ असे विचारले आणि मग शेजारच्या मुलाच्या हाती स्कूटरवरून आजीचा पितळी अडकित्ता पाठवून दिला. तो तिच्या रोजच्या वापरातला आहे.

हा अडकित्ता आमच्या नाटकातल्या अडकित्त्यापेक्षा जड आणि बिजागरीत जरा सैल निघाला. त्यामुळे सुपारी फुटताना त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. नाशिकपर्यंतच्या साठ प्रयोगांत तो प्रसंग चांगलाच होत असे, पण शनिवारी चार वाजता मुलाच्या प्रत्येक वाक्यानंतर एकेक ‘कट्’ ऐकू येऊ लागला आणि सभागृह असे गप्प झाले, की मी विंगेत श्वास धरून उभा राहिलो. साडेसातच्या प्रयोगाला आई आली होती. त्या प्रसंगात तिने शेजारच्या बाईंना दबक्या, पण सहा रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, ‘आमचा आहे तो.’ काकांनी तिकडे न बघता सुपारीचा पुढचा तुकडा कातरला. त्यांच्या जागी दुसरा नट असता तर हसला असता.

प्रेक्षकांबद्दल एक गोष्ट मी वहीत टिपली आहे. दुसऱ्या अंकात काका दूधवाल्याशी हिंदीत भांडतात. ते आपले महाराष्ट्रातले हिंदी, क्रियापद मराठी आणि अंगावर नुसता हिंदीचा सदरा. पुण्यात यावर लोक हसतात ते आपणही असेच बोलतो म्हणून. इंदूरच्या मराठी माणसाचा अर्धा दिवस हिंदीत जातो आणि तो अस्खलित बोलतो. तो या वाक्याला हसतो ते पाहुण्याच्या फजितीला हसावे तसे, आणि बराच वेळ हसतो. शनिवारच्या पहिल्या प्रयोगात त्या हशात पुढची दोन वाक्ये बुडाली. मी काकांना थांबायला सुचवले. साडेसातला ते थांबले आणि नेमके वेळेत सगळे जमले. रविवारी सकाळी दहाला ते त्याच भरवशावर थांबले, तर समोरून काहीच आले नाही. सकाळी दहाचा प्रेक्षक आंघोळ आणि पोहे उरकून येतो, लक्षपूर्वक ऐकतो आणि हसायला मात्र बाराशिवाय तयार होत नाही, असे माझे मत झाले आहे. सकाळी साडेआठला चेहऱ्याला रंग लावणाऱ्या नटांचे गळे त्या वेळी काय म्हणत असतात ते इथे लिहीत नाही. ज्येष्ठमधाची डबी दोन दिवसांत रिकामी झाली.

शनिवारी रात्री सगळी मंडळी सराफ्यात गेली. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या आणि रात्री त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याची दुकाने, हे पाहुण्यांना दाखवायला मी नेहमी पुढे असतो. गराडूचा, म्हणजे तळून खायच्या कंदाचा, हंगाम होता, भुट्ट्याचा कीस होता. मी यावेळी गेलो नाही. प्रयोग सुटल्यावर सेट सोडायचा नाही, गाडी भरायची नाही, याची हातांना सवयच नसल्यामुळे मी रिकाम्या रंगमंचावर उगाच घुटमळत राहिलो. काम करणारे दोघे जण त्या खोट्या घरातल्या पलंगावर बसून चहा पीत होते. एरवी प्रयोगानंतर त्या पलंगावर बसायला कोणालाच सवड नसते, कारण दहाव्या मिनिटाला त्याचे पाय निघालेले असतात.

मग मी लोकमान्य नगरात गेलो. आई जागी होती. तिने मला अंथरूण घालून दिले आणि सकाळी साडेसातला परत जायचे आहे हे ऐकून, ‘म्हणजे तू घरी उतरलास, आला नाहीस,’ असे म्हणाली. मला यावर उत्तर सुचले नाही आणि मी झोपलो.

रविवारी दुपारी इस्त्री करताना मावशींना नाटकातला जुना अडकित्ता काकांच्याच बंडीच्या खिशात सापडला. मला हायसे वाटले, पण काका तो हातात घ्यायला तयार होईनात. एकदा तो आवाज मिळाल्यावर मुक्या अडकित्त्याने काम करणार नाही, असे त्यांनी मला सांगितले, आणि उरलेले दोन प्रयोग आजीच्याच अडकित्त्यावर झाले. शेवटच्या प्रयोगानंतर, सेट सुटत असताना, ते स्वतः आईशी बोलले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि, ‘तुमचे नाटक दोन तासांचे, माझे जेवण रोजचे,’ असे म्हणून अडकित्ता पदरात बांधला.

उद्या, म्हणजे आजच, धुळ्यात प्रयोग आहे. गाडी तिथे लागली की आधी बाजारात जाऊन जुन्या भांड्यांच्या दुकानात बिजागरी सैल असलेला अडकित्ता मिळतो का ते पाहायचे आहे. काकांनी सोबत यायचे कबूल केले आहे. आवाज त्यांनाच ऐकून घ्यायचा आहे. चालकाचा चहा झाला. गाडी निघते आहे.